स्कॅनचे निकाल थेट चॅटवर पाठवावेत का?

चंद्रकोर:
बग बाउंटीसाठी, म्हणजे कंपन्यांच्या सिस्टीममधल्या त्रुटी कळवून बक्षीस मिळवण्यासाठी, रात्रभर स्कॅन लावणाऱ्यांनी निकाल थेट चॅटवर घ्यावेत, असं माझं ठाम मत आहे. प्रोजेक्टडिस्कव्हरीचं नोटिफाय हे टूल एवढ्यासाठीच आहे. टर्मिनलवर जे छापलं जातं ते पाइपने (एका टूलचं आउटपुट थेट दुसऱ्याला जोडून) त्याला द्यायचं, की स्लॅक, डिस्कॉर्ड किंवा टेलिग्रामवर येऊन पडतं. बाउंटी पहिल्या रिपोर्टला मिळते, मागून येणाऱ्यावर ‘डुप्लिकेट’चा शिक्का बसतो. सकाळी निवांत लॉग चाळणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

लॉगकिडा:
अजिबात पटलं नाही. न्यूक्लेई या स्कॅनरला सापडलेली त्रुटी दुसऱ्याच्या सिस्टीममधली असते. ती दुरुस्त होईपर्यंत गुप्त ठेवणं आपलं काम. तुम्ही ती तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर नेऊन ठेवताय. टेलिग्रामचे बॉट सीक्रेट चॅटमध्ये चालत नाहीत, म्हणजे तिथे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (दोन टोकांनाच वाचता येईल असं कुलूप) नाहीच.

चंद्रकोर:
माझं चॅनेल खासगी आहे, त्यात दुसरं कुणी नाही. आणि रिपोर्टसुद्धा कुणाच्या तरी प्लॅटफॉर्मवरच जातो ना?

लॉगकिडा:
तो प्लॅटफॉर्म बाउंटी देणाऱ्या प्रोग्रॅमने स्वतः नेमलेला असतो. तुमच्या चॅनेलला परवानगी कुणी दिली?

पाइपवाली:
तुमचं चालू द्या, पण गोंगाटाबद्दल कुणीच बोलत नाहीये. सबफाइंडर या सबडोमेन (साइटच्या मुख्य नावाखालची उपनावं) शोधणाऱ्या टूलचं आउटपुट जसंच्या तसं सोडलं तर रोज तीच यादी येते, आणि चार दिवसांत माणूस चॅनेल म्यूट करतो. मग सूचना असून नसल्यासारखी. मध्ये अन्यू हे टूल घाला. फाइलमध्ये आधीपासून असलेल्या ओळी ते गाळतं, नवी ओळ तेवढी पुढे सोडतं. डिस्कॉर्डच्या वेबहुकवरून (बाहेरून चॅनेलमध्ये संदेश टाकायचा खास वेब-पत्ता) जाणारा संदेश २००० अक्षरांपुढे जात नाही, टेलिग्रामचा ४०९६. ओळीओळीने पाठवलं तर रेट लिमिट (ठरावीक वेळात किती संदेश, याची मर्यादा) आडवं येतं, एकगठ्ठा पाठवलं तर संदेशाचे तुकडे पडतात. नव्या ओळीच मोजक्या असल्या की दोन्ही कटकटी मिटतात.

आणखी एक, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वेबहुकचा पत्ता हीच किल्ली. ज्याच्या हाती तो पडला त्याला पासवर्डशिवाय तुमच्या चॅनेलमध्ये खोट्या सूचना टाकता येतात. डिस्कॉर्डवर तर त्याच पत्त्यावर डिलीटची रिक्वेस्ट मारली की वेबहुकच उडतो. हा पत्ता ज्यात असतो ती नोटिफायची प्रोव्हायडर-कॉन्फिग फाइल डॉटफाइल्सबरोबर (इतर सेटिंगच्या फाइलींबरोबर) गिटवर ढकलू नका, तिची परमिशन ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा. रोज ठरलेल्या वेळी ‘चालू आहे’ एवढा संदेशही येऊ द्या, नाहीतर तुटलेली साखळी आणि रिकामा स्कॅन यांतला फरक कळणार नाही.

लॉगकिडा:
हे मान्य. माझा आग्रह एवढाच, की चॅटवर नुसता इशारा जावा: प्रोग्रॅमचं सांकेतिक नाव, तीव्रता आणि लॉगमधल्या ओळीचा नंबर. यूआरएल आणि पेलोड (त्रुटी तपासायला पाठवलेला मजकूर) सर्व्हरवरच राहू द्या. फोनवरून एसएसएच करून (सर्व्हरवर दुरून लॉगिन करून) बघायला कितीसा वेळ लागतो?

चंद्रकोर:
न्यूक्लेईच्या निकालांसाठी हे मी करेन. सबडोमेन मात्र पूर्ण नावानिशी पाठवणार. ते सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सी लॉगमध्ये (वेबसाइटच्या सर्टिफिकेटांच्या सार्वजनिक नोंदींत) जगजाहीरच असतात.

लॉगकिडा:
सगळे नसतात. वाइल्डकार्ड सर्टिफिकेट (सगळ्या सबडोमेनसाठी मिळून एकच) असेल तर लॉगमध्ये नुसती ताऱ्याची नोंद दिसते, आतलं नाव नाही. ब्रूटफोर्सने (अंदाजाने एकेक नाव लावून बघत) काढलेलं अंतर्गत नाव तुमच्याशिवाय कदाचित कुणालाच ठाऊक नसेल.

पाइपवाली:
मग दोन पाइप वेगळे ठेवा. सबफाइंडर सार्वजनिक स्रोतांतूनच नावं गोळा करतं, ती खुशाल पाठवा. ब्रूटफोर्सच्या यादीतून फक्त आकडा पाठवा.