डोळा बारीक केला म्हणजे ललिता पवार झाली का?

पेडण्याचा रंगकर्मी:
आमच्या गोव्यातल्या देवळांच्या जत्रा-काल्यांच्या नाटकांत खाष्ट सासू किंवा सावत्र आई आली की नटी डावा डोळा बारीक करून, तोंड वाकडं करून उभी राहते. मांडवातून ‘ललिता पवार!’ अशी आरोळी येते आणि दिग्दर्शक खूश होतो. ही नक्कल थांबवावी असं माझं स्पष्ट मत आहे.

1942 साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली आणि बरीच वर्षं उपचार करूनही डावा डोळा अधूच राहिला. म्हणजे त्या डोळ्यात अभिनय नव्हता, इजा होती. त्यांचा तो डोळा जवळजवळ स्थिर असे आणि बाकीचा चेहरा बोलत असे. आमच्या नकलेत नेमकं उलटं होतं. डोळा मुद्दाम आवळून धरला की गाल वर ओढला जातो, ओठाचा कोपरा त्याच्यामागे जातो, आणि ‘प’, ‘ब’, ‘म’ नीट फुटत नाहीत. दुसऱ्या अंकापर्यंत स्नायू थकतो आणि पापणी फडफडायला लागते. मग गंभीर प्रसंगात हशा येतो आणि समोरच्या सुनेचं रडणं वाया जातं.

शिवाय सिनेमात तो डोळा पडदाभर दिसतो. देवळासमोरच्या मांडवात पाचव्या-सहाव्या रांगेनंतर डोळा कुणाला दिसतो? दिसतं ते फक्त वाकडं तोंड.

फोंड्याची प्रेक्षक:
रंगकर्मीबाब, स्नायूंचं पटलं, पण निष्कर्ष पटला नाही. उत्सवी रंगभूमीला खूण लागते. दशावतारात काळ्या वेशातला संकासुर आला की त्याची ओळख करून द्यावी लागत नाही, तसंच हे. रात्री साडेबाराला नाटक सुरू होतं, पोरं झोपेला आलेली, बाहेर खाज्याची दुकानं चालू. अशा वेळी पात्र क्षणात कळायला हवं.

आणि इजेबद्दल एवढं हळवं का व्हायचं? मूकपटांपासून कामं करणारी, बोलपटांत नायिका झालेली बाई त्या अपघातानंतर चरित्रभूमिकांकडे वळली आणि तिथेच मोठी झाली. तो डोळा वगळला तर त्या कारकिर्दीचं अर्धं कारणच वगळलं जातं.

मडगावकर:
‘अर्धं कारण’ हा हिशेब चुकीचा आहे, आणि ललिता पवारांवरच्या प्रत्येक लेखात तो असाच येतो म्हणून राग येतो. लीला चिटणीस बघा. ‘कंगन’ 1939, ‘बंधन’ 1940, ‘झूला’ 1941, तिन्हींत अशोककुमारांची नायिका. 1948 च्या ‘शहीद’मध्ये त्या दिलीपकुमारांची आई झाल्या. त्यांना कुणी थप्पड मारली नव्हती. दुर्गा खोटेही नायिकेवरून आईवर आल्या. त्या काळी पस्तिशीच्या आसपास नायिकेची वाट बंदच व्हायची. ललिता पवार 1916 च्या, येवल्याच्या. त्यांनी सासू केली तो ‘दहेज’ 1950 चा. वय चौतीस. अपघात झाला नसता तरी त्या याच सुमारास सासूच्या पदरात आल्या असत्या.

फोंड्याची प्रेक्षक:
आल्या असत्या, पण कुठल्या सासूच्या? तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणं मायाळू किंवा सोसणाऱ्या आयांची आहेत. लीलाबाईंना सहसा कुणी छळणारी सासू केलं नाही, ललिताबाईंना केलं. फरक चेहऱ्याचाच ना?

मडगावकर:
फरक ताकदीचाही आहे. प्रभातच्या ‘रामशास्त्री’त, 1944 साली, त्यांनी आनंदीबाई केली. महत्त्वाकांक्षी, नवऱ्याला पुढे ढकलणारी बाई. ती भूमिका डोळ्यावर उभी राहत नाही. राघोबासमोर कधी थांबायचं आणि कधी टोचायचं हे कळावं लागतं.

पेडण्याचा रंगकर्मी:
तरी 1944 म्हणजे अपघातानंतरचंच, हे ताईंच्या बाजूने मान्य करायला हवं. चेहऱ्याने दार उघडलं असेल. पण आत गेल्यावर काय केलं ते बघा. 1952 च्या ‘दाग’मध्ये दिलीपकुमारांची सोशिक आई. 1955 हे एकच वर्ष घ्या: ‘श्री 420’मध्ये रस्त्यावर केळी विकणारी गंगामाई आणि ‘मिस्टर अँड मिसेस 55’मध्ये पुरुषांचा तिटकारा करणारी श्रीमंत सीतादेवी. एकीचा आवाज फूटपाथवरून वर येतो, दुसरीचा व्यासपीठावरून खाली येतो. डोळा दोन्हीकडे तोच! 1962 च्या ‘प्रोफेसर’मध्ये करड्या शिस्तीची आत्या म्हाताऱ्या मास्तरावर भाळून लाजायला लागते, तिथेही डोळा तोच. मग बदललं काय? मान, खांदे, पदर आणि वाक्याचा वेग.

म्हापशेची वाचक:
फिल्मफेअरचा त्यांचा पुरस्कार ‘अनाडी’साठी आहे, हे अजून कुणी म्हटलं नाही. 1959 चा सिनेमा, दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जी. मिसेस डिसा: भाडेकरूवर खेकसणारी आणि त्यालाच जेवू घालणारी घरमालकीण. शेवटी भेसळीच्या औषधाने ती मरते आणि आळ त्या पोरावर येतो. ती मेली नाही तर सिनेमाच उभा राहत नाही. पुढे 1971 च्या ‘आनंद’मध्ये त्याच दिग्दर्शकाने त्यांना मेट्रन डिसा केलं. खाष्ट सासू म्हणून ओळखली जाणारी बाई सन्मान मिळवते मायाळू ख्रिस्ती म्हातारीसाठी. खूण-खूण म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

साष्टीतला वाचक:
वाचकबाय, मला नेमकी तीच भूमिका खुपते. हिंदी सिनेमाने आमच्या ख्रिस्ती बायकांना घरमालकीण, नर्स, नाहीतर सेक्रेटरी एवढंच ठेवलं. फ्रॉक, गळ्यात क्रूस, तुटकी हिंदी. गोव्यात आजही नाटकात ख्रिस्ती म्हातारी आली की तीच तुटकी बोली लावतात, जणू आमच्या शेजारणी तशाच बोलतात. ललिता पवार कितीही मोठ्या असोत, हा साचा पक्का करण्यात मिसेस डिसांचा वाटा आहे.

म्हापशेची वाचक:
साचा लेखकाचा आहे, हे मान्य. नटीने त्यात काय भरलं ते वेगळं मोजा. भाड्यावरून ओरडताना मिसेस डिसांचा आवाज चढतो, पण शरीर पोराकडेच वळलेलं असतं. रागावलेली बाई पाठ फिरवते, ही फिरवत नाही. म्हणून ती भाडं मागत असतानाच प्रेक्षकाला कळतं की ही जेवायला वाढणार. बोली काढून टाकली तरी हे उरतं.

साष्टीतला वाचक:
नटीचं कसब मान्य. साच्याबद्दलचं मत बदलत नाही. आमच्याकडच्या संहितांत निदान यापुढे तरी ती बोली लिहू नये.

फोंड्याची प्रेक्षक:
बरं, डोळा नको तर काय? तालमी तीन आठवडे, बाहेरून आणलेली नटी शेवटच्या चार-पाच तालमींना येते. तिला देहबोलीची व्याख्यानं देत बसायला वेळ नसतो. डोळ्याची खूण एका मिनिटात शिकवता येते, म्हणूनच ती टिकली आहे.

पेडण्याचा रंगकर्मी:
चार तालमी पुरतात, फक्त क्रम ठरवावा लागतो. पहिल्या तालमीत संवाद नकोच. सासूने रंगमंचावर यायचं, ओट्यापर्यंत चालायचं, बसायचं. हनुवटी किंचित वर, पावलं आखूड, हात पोटाशी. ललिता पवारांच्या बहुतेक कडक भूमिकांत हात फारसे उडत नाहीत. आमच्याकडे नटी हातवारे करते आणि तिथेच सासूचा धाक जातो.

दुसऱ्या तालमीत प्रत्येक प्रवेशात एकच वाक्य निवडायचं, त्याच्याआधी पूर्ण दोन मात्रा थांबायचं, आणि सुनेचं वाक्य संपल्यावरच तिच्याकडे बघायचं, आधी नाही. आधी बघितलं की धमकी फुकट जाते.

तिसऱ्यात माइक. वर टांगलेल्या माइकखाली कुजबुज पोहोचत नाही, म्हणून नटी ओरडते आणि सासू भांडकुदळ होते. उपाय: रागाची वाक्यं खालच्या पट्टीत, पण शेवटचं अक्षर न गिळता. वाक्याचं शेपूट पडलं की मागच्या रांगेला फक्त गुणगुण ऐकू येते. चौथीत सगळं एकत्र, वेशासह, कारण नऊवारीत पाऊल आपोआप बदलतं.

मडगावकर:
यात एक भर. नटीला दूरदर्शनवरच्या ‘रामायणा’तली ललिता पवारांची मंथरा दाखवू नका. उत्तम काम आहे, पण ती मंथरा कुबडी, म्हातारी, कारस्थानी. घरातली सासू तशी केली तर तिच्यावर सून विश्वास ठेवते हेच खोटं वाटतं. त्याऐवजी ‘प्रोफेसर’ दाखवा: आधी आवाज बंद करून, मग आवाजासह.

फोंड्याची प्रेक्षक:
पहिल्या प्रवेशात डोळ्याची खूण, पुढे सगळं तुमचं, असं करायला काय हरकत आहे?

पेडण्याचा रंगकर्मी:
हरकत आहे. पहिल्या प्रवेशात टाळी मिळाली की नटी दुसऱ्यातही तीच मागते.