घराचं मॅन्युअल कुठे मिळतं? – खटपटी प्रोग्रॅमरांचे अनुभव हवेत

कोथरूडकर

वीस वर्षं कोड लिहितोय, पण काल इलेक्ट्रिशियनने विचारलं, "साहेब, हा पॉइंट कुठून आणायचा?" आणि माझी दातखीळ बसली. जुना रीसेल फ्लॅट घेतलाय. भिंतींना झिऱ्या मारून झाल्यात, पाइप टाकणं सुरू आहे, पुढच्या आठवड्यात प्लास्टर. त्याच मुहूर्तावर नवीन पीसीही जुळवतोय. मदरबोर्डचं खोकं टीपॉयवर पडलंय आणि त्यातलं पुस्तक अजून प्लास्टिकच्या पिशवीत. घरच्यांच्या मते कॉम्प्युटरवाल्याला गीझरपासून मिक्सरपर्यंत सगळं कळतं.

तर मंडळी, घरात काय काय खटपटी केल्यात, काय जळलं, काय गळलं, कोणतं पान आधी वाचलं असतं तर पैसे वाचले असते, ते लिहा. यशोगाथा नकोत. त्या लिंक्डइनवर भरपूर आहेत.

डोंबिवलीकर

अर्थिंगपासून सुरुवात करा. आमच्या जुन्या इमारतीत पीसीच्या कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या यायच्या, अनवाणी असलं की जास्तच. आई म्हणायची, "तुझ्या त्या डब्यात करंट आहे." मी तिला शास्त्र शिकवायचो, की एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय, आत बारा व्होल्ट देतो, बाराने काही होत नसतं.

एकदा टेस्टर लावला तर दिवा मंद पेटला. सॉकेट तीन पिनांचा होता, पण उघडून पाहिला तर वरच्या जाड भोकाला तारच नव्हती. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला आणि एक न्यूट्रलकडून बॉडीला. बॉडी अर्थला जोडलेली नसेल तर ती त्या दोघांच्या मधोमध लटकते, म्हणजे २३० च्या साधारण निम्म्यावर. प्रवाह अगदी नखभर, म्हणून माणूस नुसता दचकतो. थोडक्यात, आईचं बरोबर होतं.

हिरवी तार मेन बोर्डापर्यंत खरंच पोचते का, ते मल्टिमीटरने बघून घ्या. फेज-अर्थ २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत आलं की बरं. आणि ३० मिलिअँपचा आरसीसीबी बसवाच, करंट अर्थकडे गळला की तो वीज तोडतो. "एमसीबी आहे की" म्हणून इलेक्ट्रिशियन टाळेल, ऐकू नका. एमसीबी तार जळू नये म्हणून असतो, आरसीसीबी माणसासाठी.

सांगलीकर

गच्चीवरची टाकी भरली की मोटर आपोआप बंद व्हावी, एवढंच हवं होतं. त्यासाठी बाजारात साधा फ्लोट स्विच मिळतो. पण आपण पडलो प्रोग्रॅमर. ईएसपी८२६६ या वायफायवाल्या चिपचा बोर्ड आणला, मोटर चालू-बंद करायला रिले आणला आणि टाकीच्या झाकणाला प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर लावला. पहिला दोन उघड्या डोळ्यांचा, एचसी-एसआर०४. टाकीतल्या दमटपणाने महिन्याभरात आंधळा झाला. मग वॉटरप्रूफ घेतला, जेएसएन-एसआर०४टी. मस्त चालला. मोबाइलवर टक्केवारी दिसायची. दाजींना दाखवून झालं, शेजाऱ्यांना दाखवून झालं.

एका रविवारी सकाळी जिन्यावरून धबधबा. टाकी ओसंडून वाहतेय आणि मोबाइल म्हणतोय ७१ टक्के. ओल्या पायांनी पायरीवर बसून कोड तीनदा वाचला. कोडात काही नव्हतं. या सेन्सरला साधारण २० ते २५ सेंटिमीटरच्या आतलं धड दिसतच नाही. पाणी झाकणाच्या तेवढं जवळ आलं की तो वाट्टेल तो आकडा फेकतो. डेटाशीटच्या तक्त्यात 'किमान अंतर' अशी सरळ ओळ होती. मी तिच्या शेजारची 'कमाल अंतर' वाचून ऑर्डर दिलेली.

सेन्सर पाइपच्या तुकड्यावर फूटभर वर चढवला. मग कळलं की वीज जाऊन आली की रिले उगाच टक् करतो आणि मोटर हुंकार देते. या बोर्डाच्या काही पिना चालू होताना स्वतःच्या मनाने वर-खाली होतात. छपाईत डी३ म्हणून दिसते ती आतली जीपीआयओ ०, म्हणजे त्यातलीच एक. हेही लिहिलेलं होतंच. तार डी१ वर नेली, टकटक थांबली.

आता टाकीत फ्लोट स्विच आहे. मोबाइलवरचा आकडा दाजींसाठी ठेवलाय.

वाकडची एक

आमचा टॉवर 'माइव्हान' पद्धतीचा, म्हणजे विटा नाहीतच. अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून केलेल्या भिंती, आत सळया. राउटर हॉलमध्ये, आणि बेडरूमचं दार लावलं की मीटिंगमध्ये माझं तोंड उघडं असतानाच गोठायचं. झिरी मारून केबल टाकू म्हटलं तर सोसायटीने हातच जोडले. या भिंतीच इमारतीचा भार पेलतात, त्यांना हात लावायचा नाही.

शेवटी सुचलं की टीव्हीच्या पॉइंटपर्यंत पाइप आधीपासून आहेच. इलेक्ट्रिशियनकाकांनी आतली जुनी टीव्हीची केबल कापली नाही. तिच्याच शेपटीला कॅट ६, म्हणजे नेटची केबल, चिकटपट्टीने गुंडाळली, पावडर फासली आणि दुसऱ्या टोकाने ओढायला लागले. मधल्या वळणावर अडकली तेव्हा नवऱ्याने बाह्या सरसावल्या. काका म्हणाले, "साहेब, बैल नाहीये ओढायचा." एक वीत मागे, थोडा पीळ, परत पुढे, असं करत अर्ध्या तासात टोक बाहेर आलं.

केबलच्या टोकांचे आरजे४५ प्लग मी स्वतः लावले. तारांचा क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. रंग बरोबर होते, पण तपकिरी तार नीट दाबली गेली नव्हती. नेट चालायचं, स्पीड मात्र १०० एमबीपीएसच्या वर जाईना, कारण १०० ला दोनच जोड्या पुरतात आणि गिगाबिटला चारही लागतात. दोन दिवस मी ड्रायव्हरला दोष देत होते.

धागाकर्ते, तुमच्या भिंती उघड्याच आहेत तर लॅनला विजेपासून वेगळा पाइप द्या. एक रिकामा पाइपही टाकून ठेवा, आत दोरी सोडून. प्लास्टर झाल्यावर त्याची आठवण येते.

मुक्काम न्यू जर्सी

छोटासाच. २००३ च्या डिसेंबरात नाशिकला येताना इथला डेस्कटॉप बरोबर आणला होता. प्लगला अ‍ॅडाप्टर लावला, मामा-मामी आणि पोरं गोळा झाली. मागे पॉवर सप्लायवर लाल सरकपट्टी होती, अमेरिकेच्या ११५ व्होल्टवर. बटण दाबलं आणि फट्ट. धूर. मामांनी शांतपणे विचारलं, "असाच आवाज येतो का?"

आकडा त्या पट्टीवरच छापलेला होता.

ठाणेकर

मदरबोर्डच्या पुस्तकाबद्दल: तळटीपा वाचा, बाकी चाळलंत तरी चालेल. मदरबोर्डवरच बसणारी नवीन एम.२ एसएसडी लावली आणि जुनी हार्ड डिस्क गायब. केबल बदलली, पॉवरचं कनेक्टर बदललं, डिस्क गेली म्हणून दुकानदाराशी भांडलो. पुस्तकात बारीक अक्षरात होतं की त्या एम.२ स्लॉटमध्ये काही बसवलं तर साटाचे, म्हणजे हार्ड डिस्कच्या केबलचे, ५ आणि ६ नंबरचे पोर्ट बंद होतात. डिस्क ५ वर होती. दुकानात परत तोंड दाखवलं नाही.

पणजीहून

गळतीवर कोणी लिहिलं नाही म्हणून. खालच्या घरात छताला ओल आली. प्लंबर म्हणाला लाद्या उखडा, गवंडी म्हणाला लाद्या उखडा. आम्ही उखडायच्या आधी बग शोधतो तसा निम्मा-निम्मा भाग वगळत गेलो. बाथरूममधल्या नहाणी ट्रॅपला, म्हणजे जाळीखालच्या पाणी जायच्या भोकाला, चिंध्यांचा बोळा कोंबून लादीवर दोन इंच पाणी दोन दिवस कोंडलं. खाली थेंब नाही, म्हणजे लाद्या निर्दोष. बोळा काढून पाणी सोडलं आणि वीस मिनिटांत खालून फोन. ट्रॅपचा जोड सुटला होता. चार लाद्यांवर भागलं.

अमरावतीकर

आमचे बाबा वीज मंडळातून निवृत्त. १९८८ मध्ये घर बांधलं तेव्हा त्यांनी दोनशेपानी वहीत एकेक भिंत पेन्सिलीने काढून ठेवली. मी ऑफिसात पोरांना डॉक्युमेंटेशनवरून बोलतो, पण ती वही कधी उघडून पाहिली नव्हती. गेल्या उन्हाळ्यात एसीसाठी भोक पाडायचं होतं तेव्हा उघडली. 'उत्तर भिंत. चौकटीपासून २ फूट ४ इंच, पाइप सरळ वर, वळण नाही.' त्याखाली वेगळ्या शाईत, '१९९६. बोर्ड हलवला. वरचा पाइप रिकामा.' टेपने मोजलं, चार बोटं सोडून मशीन लावलं. काही लागलं नाही.

म्हटलं बाबा, सगळे फोटो काढून ड्राइव्हवर टाकतो. म्हणाले, "टाक ना. पण वही मीटरजवळच राहू दे. वायरमनपाशी तुझा पासवर्ड नसते."

कोथरूडकर

सगळ्यांचे आभार. रिकामा पाइप टाकला, २५ मिलिमीटरचा, आत नायलॉनची दोरी. अर्थ तपासला, एका सॉकेटला खरंच नव्हता. मदरबोर्डचं पुस्तक पिशवीतून काढलं. रॅमच्या दोन पट्ट्या मी शेजारी-शेजारी बसवणार होतो, त्या पुस्तकाप्रमाणे एकाआड एक, ए२ आणि बी२ मध्ये गेल्या.

कालपासून भिंतींना टेप आडवा-उभा धरून फोटो काढतोय. हॉल झाला, दोन्ही खोल्या झाल्या. स्वयंपाकघर आज सकाळी काढायचं होतं, पण गवंडी सातलाच आला आणि मी पोचेपर्यंत ओट्यामागची भिंत प्लास्टर करून चहा पीत बसला होता. विचारलं, आत पाइप कसा गेलाय आठवतं का? म्हणाला, "मला कसं माहीत, मी आज आलोय. कालचा माणूस वेगळा."