मस्जिद स्टेशनची मशीद नक्की कुठली?

लोकलवेडा:
रविवारी बाबा सोलापूरहून येतायत. सिद्धिविनायक, हाजी अली झालंय दोनदा. या खेपेला सीएसएमटीच्या आसपास पायी फिरून जुनी देवळं, चर्च वगैरे दाखवायचा विचार आहे. काल फोनवर विचारत होते, "मस्जिद स्टेशन ज्या मशिदीवरून, ती दाखवशील ना?" मी जामा मशीद सांगून मोकळा झालो. बरोबर ना?

मांडवीकर:
मीही तेच सांगायचो, मांडवीत तीस वर्षं बिलं फाडूनसुद्धा! मग ऑफिसातल्या बेने इस्रायली मित्राने लग्नाला बोलावलं, "आमच्या जुन्या मशिदीत ये" म्हणून. मी चक्रावलो. पत्ता निघाला सॅम्युअल स्ट्रीटवरच्या सिनेगॉगचा, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचा, नाव शार हारहमीम. या मराठी बोलणाऱ्या ज्यूंमध्ये सिनेगॉगला मशीदच म्हणायची पद्धत. स्टेशनचं नाव तिच्यावरूनच पडलं असं सांगतात. १७९६ मध्ये सॅम्युअल दिवेकरांनी ती स्थापन केली, टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर. कोकणात हे लोक तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून 'शनवार तेली'.
जामा मशीद मात्र चुकवू नकोस. १८०२ ची. खाली जुना तलाव आहे, त्यात मासे आहेत. इतक्या गर्दीत ते हिरवं पाणी बघून बाबा गप्पच होतील.

फोर्टवाली:
चर्चगेट राहिलं की! किल्ल्याचा तो दरवाजा सेंट थॉमसकडे जायचा, म्हणून चर्चगेट. बांधकाम चाळीसेक वर्षं अर्धवट पडून होतं, १७१८ च्या नाताळात एकदाचं चर्च उघडलं. (दरवाजा पाडला, नाव उरलं.)
आणि मुंबादेवीचं मूळ देऊळ आजच्या सीएसएमटीच्या परिसरात होतं, हे बाबांना गाडीतून उतरल्या उतरल्या सांग. आताचं भुलेश्वरकडे, चालत जाता येईल.
अग्यारी बाहेरूनच बघायची, पारशी नसलेल्यांना आत सोडत नाहीत.

लोकलवेडा:
भारी! बाबा शनिवारीच येतायत म्हणे. मग शनिवारी सकाळीच जुनी मशीद केली तर?

मांडवीकर:
अरे, शनवार तेली म्हणालो ना वर? त्या दिवशी त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस. रविवारीच जा, आधी चौकशी कर आणि दोघांची ओळखपत्रं घे.