एस७-३०० : मिल हाऊसची प्रोफिबस स्टेशनं मध्येच गायब होतात आणि आपोआप परत येतात

गाळप_इन्स्ट्रु
नमस्कार मंडळी. सांगली भागातल्या साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट डिपार्टमेंटला आहे. मिल हाऊसचं सगळं कंट्रोल जुन्या एस७-३०० (सीमेन्सचा पीएलसी, म्हणजे मशिनं चालवणारा कंट्रोलर) वर चालतं, सीपीयू ३१५-२डीपी, तिथून प्रोफिबसची (सगळ्या उपकरणांना जोडणारी डेटा लाइन, म्हणजेच बस) जांभळी केबल निघते, आधी ईटी२००एम ची स्टेशनं (फील्डचे सिग्नल गोळा करणारे डबे) आणि त्यापुढे ज्यूस पंप, इम्बिबिशन पंप (मिलमध्ये बगॅसवर पाणी सोडणारा) यांचे व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह). स्पीड १.५ मेगाबिट, लांबी २०० मीटरच्या आतच बसते. सीपीयू एका टोकाला, आणि सगळ्यात शेवटी इम्बिबिशनच्या स्टँडबाय पंपाचा ड्राइव्ह.

प्रॉब्लेम असा की ५ आणि ६ नंबरची स्टेशनं मध्येच जातात, सीपीयूवर बीएफचा (बस फॉल्ट) लाल दिवा लुकलुकतो आणि एकदोन सेकंदांत सगळं जागेवर. पण तेवढ्यात केन कॅरियरची (ऊस मिलकडे नेणारा पट्टा) रन परमिशन पडते, कॅरियर ट्रिप, मिलला ऊस तुटतो, बगॅस कमी पडलं की बॉयलरवाले ओरडतात. कधी दिवसभर काहीच नाही, कधी एकाच शिफ्टमध्ये पुन्हा पुन्हा. ५ नंबरचं आयएम१५३ (स्टेशनला बसशी जोडणारं कार्ड) बदललं, कनेक्टर बदलला, फरक शून्य. आता वरून सीपीयू बदला म्हणतायत, आणि जुन्या बाजारात त्याचा भाव ऐकूनच घाम फुटतो. हंगाम ऐन भरात आहे, गाळप थांबवून काही करता येत नाही. कुठून सुरुवात करू?

जुनापॅनल
सीपीयूला हात लावू नका. दोन स्टेशनं एकाच वेळी जातात म्हणजे कार्डाचा दोष असण्याची शक्यता फार कमी, दोन्ही कार्डं एका क्षणी बिघडून एका क्षणी बरी होत नाहीत. दोष दोघांना सामाईक असलेल्या गोष्टीत शोधा, म्हणजे बस, नाहीतर २४ व्होल्टची सप्लाय.

सीपीयूचा डायग्नोस्टिक बफर (घडलेल्या दोषांची यादी) उघडा, ३९सी४ म्हणजे स्टेशन गेलं, ३८सी४ म्हणजे परत आलं. तुमचा सीपीयू स्टॉपला जात नाही म्हणजे ओबी८६ (स्टेशन गेलं-आलं की चालणारा प्रोग्रॅम ब्लॉक) लोड केलेला आहे, बहुतेक रिकामाच असेल, त्यात चार ओळी लिहा आणि तारीख, वेळ, स्टेशन नंबर एका डीबीत (डेटा ब्लॉक) साठवत जा. बफर फिरत राहतो, जुन्या नोंदी पुसल्या जातात, आणि तुम्ही सकाळी बघायला जाल तेव्हा रात्रीचं काही उरलेलं नसतं. सीपीयूचं घड्याळ आधी नीट लावा, ते जुन्या प्लँटमध्ये कधीच बरोबर नसतं. मग त्या वेळा शिफ्टच्या लॉगबुकशी ताडून बघा, कोणता पंप सुरू झाला, कुठे वेल्डिंग चालू होतं, कोणी कोणता पॅनल बंद केला. मध्येच येणारा दोष कधीतरी कशाशी तरी जुळतोच, ते जुळवणं हेच खरं काम, बाकी स्पॅनर-स्क्रूड्रायव्हर नंतर.

पिंपरी_ऑटोमेशन
वरच्या साहेबांशी सहमत. त्याच्या जोडीला टर्मिनेशन (बसच्या दोन्ही टोकांचे रेझिस्टर, कनेक्टरवरच्या स्विचनं ऑन होतात) तपासा, माझ्या अनुभवात प्रोफिबसच्या तक्रारींत निम्म्याहून जास्त वेळा तिथेच येऊन थांबतो.

क्लीनिंगचा शटडाऊन मिळाला की सगळं पॉवर ऑफ करा, सगळे कनेक्टर डिव्हाइसमधून उपसून हवेत ठेवा (हे महत्त्वाचं, नाहीतर रीडिंग खोटं येतं) आणि लाल-हिरव्या वायरमध्ये ओहम मोजा. दोन्ही टोकांचे स्विच ऑन असतील तर ११० च्या आसपास, लांब केबल असेल तर थोडं इकडेतिकडे. २२० आलं तर एकच टर्मिनेटर लागलाय, सत्तरच्या घरात आलं तर कुठेतरी तिसरा ऑन आहे. आणि नेहमीच्या कनेक्टरमध्ये स्विच ऑन केला की पुढे जाणाऱ्या केबलचं कनेक्शन आतून सुटतं, त्यामुळे मधल्या कनेक्टरचा स्विच ढिला असला तरी कंपनानं पुढची स्टेशनं येजा करतात. मिल हाऊसमध्ये कंपनाला काय तोटा.

पण हे थंड, म्हणजे पॉवर बंद असतानाचं, मोजमाप झालं. चालू बसवर बॅटरीवाला हँडहेल्ड स्कोप (सिग्नलचा आकार दाखवणारं यंत्र) लावा, ९ पिनच्या कनेक्टरला बसच्या दोन वायर येतात, ३ नंबर बी, ८ नंबर ए. टेलिग्राम (बसवरचा डेटा संदेश) चालू असताना पीक टू पीक साधारण ४ ते ७ व्होल्ट दिसायला हवेत, आणि दोन टेलिग्रामच्या मधल्या शांत जागेत बी हा ए पेक्षा १ व्होल्टच्या जरासा वर. ती शांत जागा नीट बघा, तिकडे कोणी बघतच नाही.

ड्राइव्हवाला_सोलापूर
मला तर हा सरळ ड्राइव्हचा नॉइज वाटतोय. व्हीएफडीची मोटर केबल आणि प्रोफिबस एकाच ट्रेमध्ये आहेत का ते बघा, किमान २० सेंटीमीटर अंतर पाहिजे, आणि क्रॉस करायचंच असेल तर काटकोनात. शील्ड (केबलमधली धातूची जाळी) दोन्ही बाजूंना क्लॅम्पखाली पूर्ण गोल दाबलेली पाहिजे, पिगटेल (पिळलेली शेपटी) काढून कुठल्यातरी बोल्टला अडकवलेली नको. आता काही जण म्हणतील शील्ड एकाच बाजूला अर्थ करायची, ते ४-२० मिलिअँपच्या सिग्नलला ठीक, इथे दोन्ही बाजूंना करायची आणि पॅनल टू पॅनल १६ स्क्वेअरची तांब्याची अर्थ वायर वेगळी ओढायची, म्हणजे दोन पॅनलच्या अर्थमधला फरकाचा करंट शील्डमधून वाहत नाही. साखर कारखान्यात पाणी आणि मळी उडून अर्थच्या पट्ट्या खाऊन गेलेल्या असतात, वरून रंग मारलेला असतो म्हणून दिसत नाहीत.

तोपर्यंत तात्पुरता इलाज म्हणून स्पीड ५०० केबीपीएस करा. स्लेव्ह (स्टेशनं, ड्राइव्ह) नवा स्पीड आपोआप पकडतात, फक्त मास्टरचं (सीपीयूचं) कॉन्फिगरेशन डाउनलोड करावं लागेल.

पिंपरी_ऑटोमेशन
स्पीड कमी करण्याला माझा विरोध नाही, ५०० ला सेगमेंटची (एका सलग केबलची) मर्यादाही ४०० मीटर होते. पण तो डाउनलोड सीपीयू स्टॉप केल्याशिवाय होत नाही, आणि मूळ दोष झाकला जाईल, पुढच्या हंगामात तोच परत उभा राहील. रीट्राय लिमिट (उत्तर आलं नाही तर किती वेळा परत विचारायचं) वाढवण्याचंही तसंच. आधी स्कोप लावा.

गाळप_इन्स्ट्रु
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी बसून लिहीत नाही. क्लीनिंगच्या शटडाऊनमध्ये ओहम मोजला, ११२ आला, म्हणजे टर्मिनेटर दोनच आणि योग्य जागी. शील्ड दोन पॅनलमध्ये खराब होती, ती केली. गाळप सुरू झाल्यावर स्कोप लावला तर शांत जागेत १.१ व्होल्ट, एकदम स्वच्छ. म्हणलं मग दोष गेला असणार. पण दुसऱ्याच रात्री परत स्टेशनं गेली.

मग जुनापॅनल साहेबांनी सांगितलेला ओबी८६ चा डीबी आणि लॉगबुक शेजारी ठेवून बसलो. जेवढ्या नोंदी होत्या त्या सगळ्या अशा वेळच्या की इम्बिबिशनच्या स्टँडबाय पंपाचा आयसोलेटर बंद होता. ग्लँड गळतं म्हणून मेकॅनिकलवाले त्यावर काम करतात, परमिट घेऊन इलेक्ट्रिकलवाले ड्राइव्हची मेन सप्लाय काढतात, सगळं नियमाप्रमाणे. आयसोलेटर काढायला लावून परत स्कोप बघितला, शांत जागेतला व्होल्टेज ०.६ वर आला. चालू केला की परत १.१. आता कळत नाही की बंद ड्राइव्ह बसला काय त्रास देतोय, त्याचा पत्ता तर प्रोग्रॅममध्ये बायपास केलेला आहे.

आरएस४८५_भक्त
सापडलं तुमचं. तो ड्राइव्ह बसला त्रास देत नाहीये, तो द्यायला हवं ते देत नाहीये.

टर्मिनेटर म्हणजे नुसता २२० ओहम नाही. ३९०-२२०-३९० अशी तीन रेझिस्टरची साखळी असते, वरच्या टोकाला ५ व्होल्ट, खालच्या टोकाला ग्राउंड, आणि हे ५ व्होल्ट कनेक्टर स्वतः बनवत नाही, ज्या डिव्हाइसला लावलाय त्याच्या ६ आणि ५ नंबरच्या पिनमधून घेतो. ५ व्होल्टला १००० ओहम, त्यातल्या २२० वर १.१ व्होल्ट, हाच तुमचा शांत जागेतला आकडा. कोणीच बोलत नसताना बसला एका बाजूला ओढून धरायचं काम हा व्होल्टेज करतो. तुमच्या ड्राइव्हचं प्रोफिबस कार्ड मेन सप्लायवरच जगतं, सप्लाय गेली की कार्ड मेलं, ५ व्होल्ट गेले, आणि सगळं ओझं सीपीयूकडच्या एकट्या टर्मिनेटरवर आलं. एक बाजू ओढतेय आणि लोड दोघांचा, म्हणून निम्मा.

आरएस-४८५ च्या (प्रोफिबस ज्या सिग्नल पद्धतीवर चालतं ती) रिसीव्हरचा उंबरठा २०० मिलिव्होल्ट. १.१ वर असताना नॉइजला खूप लांब उडी मारावी लागते, ०.६ वरून ती बरीच सोपी होते. म्हणून सोलापूरवाल्यांचंही खरं आहे, नॉइज आहेच, तो नेहमीच होता, फक्त एरवी पचत होता. ५ आणि ६ च का, तर मिलच्या मोठ्या ड्राइव्हच्या सगळ्यात जवळ तीच असणार, बघून सांगा. आणि ओहम पॉवर बंद असताना बरोबर आला कारण रेझिस्टर जागेवरच होते, गेलेली होती ती पॉवर.

इलाज सोपा आहे. बसच्या शेवटी स्वतंत्र ॲक्टिव्ह टर्मिनेटर बसवा, छोटा डबा येतो, २४ व्होल्टवर चालतो, त्याला पत्ताही लागत नाही. ड्राइव्हच्या कनेक्टरचा स्विच ऑफ करा, केबल पुढे या डब्यात न्या.

गाळप_इन्स्ट्रु
५ आणि ६ मिल ड्राइव्हच्या पॅनलला लागूनच आहेत, बरोबर ओळखलंत. टर्मिनेटर पुण्याहून मागवतोय. त्याचे २४ व्होल्ट त्याच पंपाच्या पॅनलमधून घेऊ का? तिथे एसएमपीएस (२४ व्होल्टचा पॉवर सप्लाय) आहे.

जुनापॅनल
तिथून नको, उद्या तो पॅनलही परमिटवर बंद होईल आणि तुम्ही परत इथेच याल. यूपीएसवरच्या एसएमपीएसमधून ओढा, जवळच्या ईटी२००एम ला जो सप्लाय जातो तोच चालेल, त्याला वेगळा फ्यूज टाका. तो येईपर्यंत इलेक्ट्रिकलवाल्यांना सांगून ठेवा, स्टँडबायची मेन काढायची असेल तर आधी कंट्रोल रूमला फोन, म्हणजे केन कॅरियरजवळ माणूस उभा राहील.

आणि काढलेलं जुनं आयएम१५३ भंगारात देऊ नका, ते चांगलंच आहे, लेबल लावून कपाटात ठेवा. एस७-३०० मालिका ऑक्टोबर २०२३ मध्ये फेज आउटला (उत्पादन टप्प्याटप्प्यानं बंद) गेली, सुट्टे भाग मिळतील पण भाव चढतच जाणार. एमएमसी कार्डाचा (सीपीयूचं मेमरी कार्ड) आणि प्रोजेक्टचा बॅकअपही याच आठवड्यात घ्या, दोन वेगळ्या जागी.

ड्राइव्हवाला_सोलापूर
टर्मिनेटर बसला की आयसोलेटर मुद्दाम काढून स्कोपचा फोटो टाका इथे, आमच्याकडेही शेवटच्या टोकाला ड्राइव्हच आहे.