मदत हवी आहे: सॅटेलाइट इमेजमध्ये माळरान आणि पडीक शेत वेगळं कसं काढायचं?

नमस्कार मंडळी, इंदापूर-बारामती भागातल्या माळरानाचा नकाशा करतोय, चिंकारा आणि लांडग्यांसाठी कुठले गवताळ पट्टे अजून एकमेकांना जोडलेले आहेत ते बघायचंय. गूगल अर्थ इंजिनमध्ये (उपग्रहाच्या इमेजवर ऑनलाइन काम करायची सोय) सेंटिनेल-२ उपग्रहाच्या १० मीटर पिक्सेलच्या इमेज घेतल्या, ऑक्टोबर ते मे दर महिन्याचा मीडियन एनडीव्हीआय (हिरवळ किती ते सांगणारा आकडा) काढला आणि रँडम फॉरेस्ट (नमुन्यांवरून जमिनीचे प्रकार ओळखणारा अल्गोरिदम) चालवलं. ऊस, बागायत, झाडी सगळं नीट निघतं, पण माळरान आणि पडीक शेत यांचा पार गोंधळ होतोय. जागेवर गेलो तर बांधाच्या अलीकडे कुसळी गवत, पलीकडे दोन वर्षं न नांगरलेलं रान, तिथंही तसंच गवत माजलेलं, डिसेंबरात दोन्ही सारखीच पिवळी.

रेड एज (लाल आणि इन्फ्रारेडच्या मधला) आणि एसडब्ल्यूआयआर (शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड) बँड घालून पाहिले, फार फरक नाही. ग्राउंड पॉइंट (जागेवर जाऊन नोंदलेले नमुने) १८० आहेत, शेताच्या कडा सोडून घेतलेले. पावसाळ्यात ढगांमुळे ऑप्टिकल इमेज जवळपास मिळतच नाहीत. विकतच्या परवडणार नाहीत. सरकारी कागदावरही भागत नाही, तिथं माळरान बरेचदा पडीक म्हणूनच लागलेलं असतं आणि मग त्यावरच झाडं नाहीतर सोलर लावायचं ठरतं, म्हणून तर हा फरक दाखवायची एवढी धडपड.

तर सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडारच्या व्हीव्ही-व्हीएचमधून (रडार लहरींच्या दोन ध्रुवीकरणांचे सिग्नल) नांगरट पकडता येते का, आणि पाऊस पडून मातीत ओल आली की सिग्नल हलतो त्याचं काय करायचं? पडीक ओळखायला किती वर्षं मागे जाऊन बघावं, ३ पुरतील की ५-६ लागतील?