पोराचा मोबाईल आणि वाढतं वजन, नक्की संबंध काय?

चिऊताई_पुणे: मुलगा तिसरीत आहे, शाळेतून आला की दप्तर टाकतो न टाकतो तोच मोबाईल हातात, जेवताना ताटात काय वाढलंय तेही बघत नाही, डोळे कार्टूनवर आणि हात वेफर्सच्या पुड्यात. युनिफॉर्मची पँट दिवाळीआधीच कमरेत बसेना. सासूबाई म्हणतात खात्यापित्या घरचं पोर आहे, उंची वाढली की उतरेल. मोबाईल बंद केला की वजन आपोआप कमी होईल का, की कसला क्लास लावू?

आहारवाली: अगं नुसतं बसून राहण्यानं वजन वाढतं असं सगळे धरून चालतात पण अर्धी गोष्ट तोंडाची आहे. अमेरिकेत सॅन होजेला तिसरी-चौथीच्या मुलांचा टीव्ही कमी करून बघितला होता, 1999 साली छापून आलंय ते. दुसऱ्या शाळेतल्या मुलांपेक्षा यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, कमी वाढला, पण व्यायाम काही फारसा वाढला नव्हता! टीव्हीसमोरची जेवणं मात्र कमी झाली होती. म्हणून आधी ताटापुढचा मोबाईल काढ, क्लासचं नंतर बघू. आणि रात्री किती वाजता झोपतो? या वयाला 9 ते 12 तास झोप लागते, ती कमी पडली की भूक जास्त लागते आणि पोरं गोडाधोडावर तुटून पडतात.

लगोरीवाला: ताटाचं पटलं, पण खेळ नंतर कशाला? डब्ल्यूएचओ म्हणते 5 ते 17 वयाला रोज सरासरी 60 मिनिटं, तीही मध्यम ते जोरदार हालचाल हवी. क्लासला पैसे घालायची गरज नाही, आमच्या पार्किंगमध्ये गाड्या यायच्या आत संध्याकाळी लगोरी नाहीतर लंगडी चालते, वॉचमन ओरडतो तेवढं सोडा.

चिऊताई_पुणे: झोपायला अकरा वाजतात 😬 आणि सासूबाईच मोबाईल लावून भरवतात, त्यांना कोण सांगणार?

आहारवाली: तू नको सांगूस, नवऱ्याला सांगायला लाव 😄 एकदम सगळं नको, आधी फक्त रात्रीचं जेवण, सगळ्यांचेच फोन बाजूला, आजीचाही. आणि डाएट बिएट अजिबात नको हं, वाढतं वय आहे. बालरोगतज्ज्ञांकडे उंची-वजन नेऊन भारतीय मुलांच्या चार्टवर बघून घे, नुसत्या पँटवरून काही ठरवू नको.