तारा तुटला, तारा पडला आणि उडती तबकडी

जागल्या : मंडळी, शब्दाचा प्रश्न आहे. आमच्याकडे यवतमाळ बाजूला कोणी म्हणतो 'तारा तुटला', कोणी 'तारा पडला'. दोन्ही एकच का? आणि 'उडती तबकडी' नेमकी कशाला म्हणायची? सध्या वावरात रानडुकरांपायी रात्रभर जागल असते, त्यामुळे आभाळातल्या दर लाइटीवर वाद होतो.

मास्तरीण : एकच नाहीत भाऊ. 'तुटला' म्हणजे रेघ दिसली, एवढंच. 'पडला' म्हटलं की ती वस्तू जमिनीवर आली असा दावा झाला. बहुतेक रेघा ऐंशी ते सव्वाशे किलोमीटर उंचीवरच जळून संपतात, म्हणून 'तुटला' हाच नेमका शब्द. मूळ संस्कृतात उल्का म्हणजे जळतं लाकूड, आपलं कोलीत. जो तुकडा खाली पोचतो तो अशनी. 'उल्का पडून लोणार झालं' सगळेच म्हणतात, पण जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचा तो खड्डा अशनीचा. संस्कृतात अशनी म्हणजे वज्र, म्हणजे वीज. आपण अजून 'इज पडली' म्हणतो, तिथे 'पडली' बरोबरच आहे.

झाडीपट्टी : ताई, मग २ एप्रिल २०२२ ला काय म्हणायचं? गुढीपाडव्याची रात्र, आठच्या आतबाहेर. जो तो 'उल्का, उल्का' ओरडत होता. मग सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला माणसापेक्षा मोठं धातूचं कडं सापडलं, आसपास गोळेही.

मास्तरीण : ते ना उल्का ना अशनी. तो रॉकेटचा भंगार. चिनी रॉकेटचा वरचा टप्पा, असा जाणकारांचा अंदाज. 'अवकाश कचरा' हा छापील शब्द आहे, पण तुमच्याकडचे 'कडं' आणि 'गोळा' हे शब्द जास्त कामाचे, कारण त्यात आकार कळतो. असे गोळे म्हणजे दाबाच्या वायूच्या नाहीतर इंधनाच्या टाक्या. इंधनाच्या टाकीत विषारी अंश राहू शकतो. हात लावायचा नाही, कानस मारून पाहायची नाही, भंगारवाल्याला तर मुळीच द्यायचा नाही. पोलीस पाटलाला कळवायचं.

कासराभर : दोन्हींतला फरक घड्याळावर कळतो. उल्का एक-दोन सेकंदांत खलास. भंगार सेकंदाला सात-आठ किलोमीटरने जवळजवळ आडवा येतो, म्हणून अर्धा-एक मिनिट दिसतो, आणि तुकडे एकामागोमाग एकाच वाटेने चालतात. वऱ्हाडीत म्हातारी माणसं 'आभायात इस्तो चालला' म्हणतील, इस्तो म्हणजे विस्तव. इथे 'चालला' हेच क्रियापद हवं, 'तुटला' नको.
आवाजाचंही तसंच. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. तीस-चाळीस किलोमीटरवरचा धडाका दीड-दोन मिनिटांनी पोचतो. उजेड नि आवाज सोबतच आले तर ते फटाक्याचं काम समजा.

जागल्या : आणि तबकडी?

कासराभर : तबकडी म्हणजे छोटं तबक. ग्रामोफोनच्या रेकॉर्डलाही आपण तबकडीच म्हणायचो. 'उडती तबकडी' अमेरिकेतून आली. २४ जून १९४७ ला केनेथ अर्नोल्ड नावाच्या वैमानिकाने माउंट रेनियरजवळ नऊ वस्तू पाहिल्या. बशी पाण्यावर तिरपी फेकली तर टप्पे घेत जाते, तशा त्या चालल्या होत्या, असं त्याचं सांगणं. ती उपमा चालीची होती, बातम्यांनी तिचा आकार करून टाकला. म्हणजे शब्दाचा जन्मच चुकीच्या ऐकण्यातला.

झाडीपट्टी : मग 'अज्ञात उडती वस्तू' बरा?

मास्तरीण : त्यातही दोन दावे आहेत. 'उडती' कशावरून, 'वस्तू' कशावरून? इंग्रजीतही आता 'वस्तू' काढून 'घटना' घातलंय. मला 'अनोळखी उजेड' पटतो. 'अज्ञात' म्हणजे कोणालाच माहीत नाही, 'अनोळखी' म्हणजे मला ओळखता आलं नाही. दुसरा शब्द प्रामाणिक.

जागल्या : आमच्या इथे तर धुऱ्यावर उभं राहून म्हणतात, चांदणी हालते!

कासराभर : काळोखात एकाच ठिपक्याकडे टक लावली की डोळाच त्याला हालवतो. खांबाच्या कडेला चांदणी टेकवून उभे राहा, डोकं खांबाला लावा. चार मिनिटांत ती साधारण एक अंश सरकेल, म्हणजे हात लांब केल्यावर करंगळीच्या रुंदीएवढी. तेवढीच सरकली तर शुक्र नाहीतर तारा. मिनिटातच मूठभर, म्हणजे दहाएक अंश, सरकली तर उपग्रह नाहीतर इमान, म्हणजे विमान. इमानाच्या डाव्या पंखाला लाल, उजव्याला हिरवा दिवा असतो, आणि झबझब होते. उपग्रहाची झबझब नाही.
कासरा तर सूर्यासाठीच वापरतात, 'कासराभर दिवस वर आला'. पण आभाळ मोजायला आपल्याकडे कासरा, वीत, मूठ, करंगळी हे सगळं आयतं आहे. लांब केलेल्या हाताची ताणलेली वीत वीसेक अंश भरते. 'दोन झाडाएवढं उंच' सांगू नका, झाड किती दूर होतं ते कोणाला ठाऊक?

झाडीपट्टी : ती लाइटींची माळ दिसते, रांगेत सरळ, मग एकाएकी विझते. तिला काय म्हणावं? पोरं 'आगगाडी' म्हणतात.

मास्तरीण : आगगाडी झकास आहे. स्टारलिंकचे उपग्रह, सोडल्यावर पहिले काही दिवस रांगेत असतात, मग पांगतात. दिसतात ते सूर्य मावळल्यावर तासा-दीड तासात नाहीतर पहाटे, कारण खाली अंधार असला तरी तिथे वर ऊन असतं. फक्त 'विझली' म्हणू नका, ती पृथ्वीच्या सावलीत शिरते. 'बोगद्यात गेली' म्हणा, आगगाडीला शोभेल.

जागल्या : बोगदा कुठचा जी, आमच्याकडे रेल्वे फाटकच माहीत!

मास्तरीण : मग 'फाटकापलीकडे गेली' म्हणा. चालेल.